फाटकापाशीचा खाऊ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस बोलावयास सांगितले, परंतु विषय मात्र आमच्यावरच सोपविला, आणि तेथेच तिची चूक झाली. चर्चच्या वास्तूचा इतिहास मघाशी आपण ऐकलाच आहे. पाया केव्हा घातला, घंटा कोणी दिली, जुनी कौले केव्हा उतरविली, हे सर्व त्यात येऊन गेले. आम्ही आज त्या वास्तूच्या आत न जाता फाटकाशीच थांबणार आहोत, आणि तेथे मिळणाऱ्या खाऊविषयी बोलणार आहोत. धर्मगुरूने जिभेच्या चोचल्यांविषयी बोलावे हे कित्येकांस विचित्र वाटेल. तथापि लहानपणी मिस्सा चालू असता ज्यांनी एक डोळा वेदीकडे व दुसरा फाटकाकडे ठेविला नसेल, त्यांनीच आम्हांस खुशाल दोष द्यावा.

आमचे जन्मगाव याच वसई तालुक्यातले, आणि ज्या काळाविषयी आम्ही बोलत आहोत तो १९७८ पासून १९८२ पर्यंतचा. त्या काळी आम्हां मुलांपाशी दोन पंचांगे असत. एक धर्मसभेचे, ते भिंतीवर टांगलेले असे. दुसरे टोपलीचे, ते फाटकाबाहेर जमिनीवर मांडलेले असे. या दोहोंचा मेळ आम्ही आमच्या बुद्धीने घातला होता. टोपलीत बोरे आली की तीन राजांचा सण आला असे समजावे. कैरीच्या फोडींस तिखटमीठ लागले की प्रायश्चित्तकाळ चालू आहे. ताडगोळे दिसू लागले म्हणजे पुनरुत्थान रविवार जवळ आला. ते सोलताना आतले गोड पाणी सदऱ्यावर सांडावयाचे व घरी मार खावयाचा, हा ठरलेला विधी. करवंदे म्हणजे मे, पवित्र मरियेचा महिना. आणि जांभळे म्हणजे पहिला पाऊस, शाळा सुरू. सणाच्या जत्रेत बर्फाचा गोळा, म्हातारीचे केस, खारे शेंगदाणे आणि आगाशीची सुकेळी यांची भर पडे. सुकेळी घरीही असत. परंतु आईने गच्चीवर वाळविलेल्या राजेळी केळ्यांस जत्रेतल्या सुकेळीची चव कधी आली नाही. याचे कारण केळ्यांत नव्हते.

वडापावाची गोष्ट थोडी निराळी. तो आमच्या फाटकापाशी मिळत नसे. तो आगगाडीने येई. आमचे वडील पहाटेच्या गाडीने मोगऱ्याच्या व भाजीच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजारास जात, आणि दुपारी परतताना, भाव बरा मिळाला असल्यास, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले दोन वडापाव आणीत. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकण्यास आरंभ केला असे सर्वत्र सांगतात. म्हणजे आमच्या बालपणी हा पदार्थ वयाने आमच्याहून फार मोठा नव्हता. आम्ही चार भावंडे, आणि वडापाव दोन. आई सुरीने त्यांचे दोन-दोन तुकडे करी, व ते समान झाले आहेत किंवा नाहीत यावर जी चर्चा होई तिच्यापुढे धर्मपरिषदांतील वादही सौम्य म्हणावेत. तोवर वडा पार निवलेला असे, पाव तेलाने ओला झालेला असे, आणि लसणाची लाल चटणी दमटून पावास चिकटलेली असे. कागदावरची काळी अक्षरे कधी कधी पावाच्या पाठीवर उमटत. आमचा थोरला भाऊ ती वाचून मगच पाव खाई. पुढे सेमिनरीत गेल्यावर गोरेगावी आम्ही प्रथमच कढईतून काढलेला गरम वडा पावात घालून खाल्ला. खरे सांगावयाचे तर तो आम्हांस नकली वाटला.

पण या पावाविषयी दोन शब्द अधिक बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली, आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे पाच वर्षांतील किल्ल्याचे आता पडके बुरूज तेवढे राहिले आहेत. परंतु 'पाव' हा शब्द पोर्तुगीज, 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीज, आणि हिरवी वा लाल मिरची हीदेखील अमेरिकेतून त्यांच्याच जहाजांतून हिंदुस्थानात आलेली. वडापावातील या तीन वस्तू काढून घ्या. मग हाती डाळीचे पीठ, हळद, मीठ व लसूण एवढेच राहील. आमच्या लहानपणी शाळेतील काही मुले आम्हांस 'पाववाले' म्हणून चिडवीत. विहिरीत पाव टाकून आमच्या पूर्वजांस बाटविले, ही कथाही त्यांनीच आम्हांस प्रथम सांगितली. तीच मुले आज आमच्याच वयाची झाली आहेत, आणि स्थानकाबाहेरच्या गाडीपाशी आमच्या शेजारी उभी राहून दुसरा पाव मागतात. तेव्हा त्या विहिरीची आठवण आम्ही काढीत नाही. चटणी अधिक मागतो.

असो. आता ज्या गोष्टीसाठी आम्ही उभे राहिलो तिजकडे वळतो.

करवंदे विकणाऱ्या बाया वारली समाजाच्या. तुंगारेश्वराच्या डोंगरउतारावरील जाळ्यांतून त्या करवंदे तोडून आणीत. करवंदाची जाळी ज्याने पाहिली आहे त्यास ठाऊक आहे की तीत हात घालणे म्हणजे काट्यांत हात घालणे होय. शिवाय हे फळ फार टिकत नाही. आज तोडलेले आज-उद्या विकले गेले नाही तर टोपलीतच त्याचा लगदा होतो. म्हणून पहिल्या मिस्सेच्या घंटेपूर्वी येऊन बसावयाचे तर त्यांस रात्रीच घर सोडावे लागे. हे सर्व आम्हांस मागाहून कळले. तेव्हा एवढेच ठाऊक होते की चार आण्यांस पळसाच्या पानाचा भरलेला द्रोण मिळतो, आणि प्रत्येक करवंद दातांनी फोडून 'कोंबडा की कोंबडी' हे पाहावयाचे असते: आत लाल निघाला तर कोंबडा, पांढरी निघाली तर कोंबडी. चिकाने ओठ एकमेकांस चिकटत व बोटे जांभळी होत.

१९८० च्या मे महिन्यातील एका रविवारी आईने दानासाठी दिलेले चार आणे आम्ही मोठ्या प्रामाणिकपणे ताटात टाकले, आणि बाहेर येऊन टोपलीपुढे रिकाम्या हातांनी उभे राहिलो. टोपलीवाली म्हातारी होती. तिने आमच्याकडे पाहिले, द्रोण भरला, आणि म्हणाली, "पुढल्या आयतवारी दे." आमचे नाव तिने विचारले नाही.

पुढच्या रविवारी आईने पुन्हा चार आणे दिले. मिस्साभर ते नाणे आमच्या मुठीत तापत होते. ताट जवळ आले. शेजारी काका बसले होते, मागे शाळेच्या बाई होत्या, आणि त्या सर्वांसमक्ष ताट पुढे सरकविणे आम्हांस धजले नाही. नाणे ताटात पडले. त्यानंतर आम्ही बाजूच्या दाराने निघून, विहिरीस वळसा घालून घरी गेलो. त्याच्या पुढील रविवारी पाऊस लागला होता व फाटकापाशी कोणीच नव्हते. पुढच्या वर्षी करवंदे आली, बायाही आल्या. परंतु ती म्हातारी त्यांत नव्हती. तिचा पाडा कोणता, हे आम्हांस ठाऊक नव्हते, आणि विचारण्याचे धैर्यही नव्हते.

दुसऱ्याचे घेतलेले परत केल्यावाचून केवळ पश्चात्तापाने भागत नाही, हा नीतिशास्त्रातील धडा सेमिनरीत आमचे अध्यापक शिकवीत असता वर्गातील इतर विद्यार्थी चोरी, दरोडे व खोटी खरेदीखते यांची उदाहरणे देत होते. आम्ही आमच्या बोटांकडे पाहत होतो. ३० जून २०११ नंतर तर पंचवीस पैशांचे नाणेच व्यवहारातून गेले. ज्या नाण्याचे देणे आमच्यावर आहे ते आता कोणी घेणारही नाही.

हे सर्व आम्ही आज आपणांपुढे का सांगतो, तेही सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी या महोत्सवाच्या तयारीस आरंभ झाला तेव्हा आपल्या या चर्चच्या फाटकाबाहेर नवी फरशी बसविण्यात आली. मोटारी उभ्या करावयास जागा हवी, सबब तेथे बसणाऱ्यांस उठवावे, असा ठराव बैठकीत आला. फरशी सुंदर आहे. देणगी देणाऱ्या कुटुंबाचे आम्ही ऋणी आहोत. परंतु त्या ठरावाखालील सही आमची आहे, आणि ती करताना आम्हांस काहीही आठवले नाही. शेंगदाणेवाल्याने थोडी हुज्जत घातली. करवंदवाली बाई मात्र लगेच उठली. टोपली डोकीवर घेता घेता तिने एवढेच विचारले, "मग कुठं बसू?" आम्ही गटारापलीकडे, रस्त्याच्या कडेस बोट दाखविले. ती आजही रविवारी तेथेच, उन्हात बसते. गेल्या मे महिन्यात आम्ही स्वतः जाऊन तिजकडून द्रोण घेतला, पैसे दिले, आणि काहीतरी बोलावे म्हणून उभे राहिलो. तिला वाटले सुटे पैसे हवेत.

आम्ही समितीपुढे लेखी अर्ज ठेविला आहे. फाटकाच्या उजव्या हातास आंब्याखाली जी सावली आहे, ती रविवारी सकाळी सहापासून दहापर्यंत मोटारींस बंद असावी व टोपलीवाल्यांस मोकळी असावी, एवढेच त्यात लिहिले आहे. पूर्वीची सही आमची असल्यामुळे हा अर्ज करताना आम्हांस काहीसे संकोचल्यासारखे झाले, हे कबूल करतो. अर्जाचा विचार पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर होणाऱ्या बैठकीत व्हावयाचा आहे. मोटारवाल्यांपैकी बरेचसे येथे पुढच्या रांगेतच बसले आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवरून अद्याप आम्हांस काही कळत नाही. बैठकीस सर्वांनी यावे.

मागे महिला मंडळाने कढई केव्हाच चढविली आहे, आणि वास येथपर्यंत आला आहे. वडे गरम आहेत, त्यास आता इलाज नाही. आम्ही आमचा वाटा कागदात बांधून घेऊ.