चेंबर आहे, पण रात्री उघडतं का?

आजचा भाग छोटा आहे, पण समुद्रात उतरणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

गेल्या हिवाळ्यात मी मालवणला होतो. दोन दिवसांत पाच डाइव्ह, सगळ्यात खोल 22 मीटर. शेवटच्या दिवशी संध्याकाळी खांदा दुखायला लागला. म्हटलं, टाक्या उचलून दुखत असेल. तासाभराने बोटांना मुंग्या आल्या, तेव्हा मात्र घाबरलो.

पाण्याखाली दर 10 मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. वर येताना तो नीट बाहेर पडला नाही, तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. उपाय म्हणजे लगेच शुद्ध ऑक्सिजन आणि मग हायपरबॅरिक चेंबर. नेहमीच्या उपचारात सुरुवातीला 18 मीटर खोलीइतका दाब देतात. सगळं मिळून पावणेपाच तास लागतात.

"कोल्हापूरला नेऊया, मोठी हॉस्पिटलं आहेत," मित्र म्हणाला. डॉक्टर असलेल्या वहिनीने फोनवरच अडवलं. "घाट चढू नका भावोजी. वर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडे फुगतात." आंबोली 700 मीटरच्या आसपास आहे, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

मग फोनाफोनी. एका ठिकाणी चेंबर होतं, पण ते चालवणारा माणूस सहाला घरी जातो. दुसरीकडे फक्त मधुमेहाच्या जखमांचे, आधी वेळ घेतलेले पेशंट. तिसरीकडे चेंबर म्हणजे फुगवायची पिशवी, दाब जेमतेम 1.3 वातावरण. या आजाराला तो पुरत नाही. शेवटी गोव्यात सोय झाली. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो आणि रात्री दोनला आत शिरलो. बरा झालो. करंगळी मात्र महिनाभर बधिर होती.

हे फक्त डाइव्हरांचं दुखणं नाही बरं का. गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची गंभीर बाधा झालेल्यालाही हेच चेंबर लागू शकतं. म्हणून "चेंबर आहे का?" एवढं विचारून भागत नाही. रात्री चालवायला माणूस आहे का? इमर्जन्सी घेतात का? वाटेत घाट आहे का? आणि बोटीवर ऑक्सिजन आहे का?

पैसे भरायच्या आधी एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही, तर त्या दिवशी किनाऱ्यावर बसून सोलकढी प्या. समुद्र कुठे पळून जात नाही.

भेटू पुढच्या भागात.