वाळवंटांतून हिमांत

दुबईंत कांहीं वर्षें नोकरी करून कित्येक मराठी कुटुंबें कॅनडांतील टोरांटो येथें बिऱ्हाड हलवितात. दुबईच्या उन्हाळ्यांत पारा 40 अंशांवर चढतो. टोरांटोच्या हिवाळ्यांत तो शून्याखालीं उतरतो. साहजिकच पहिली काळजी कपड्यांची. परंतु एकाच जाडजूड कोटानें भागत नाहीं. ऊब राखते ती दोन थरांमध्यें कोंडलेली हवा. म्हणून अंगालगत लोकरीचा पातळ सदरा, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडविणारा कोट असावा. आपलें आवडतें सुती कापड घामानें भिजलें कीं अंग गारठवितें.

कपड्यांहून अवघड गोष्ट उजेडाची. डिसेंबरांत तेथें दिवस जेमतेम नऊ तासांचा. पांच वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. मुलें शाळेंत, वडील कचेरींत, आणि नव्या गांवीं ओळखदेख नसलेली आई खिडकीशीं एकटी! या कोंडमाऱ्यानें मन खचतें. पण दुबईंतही उन्हाळ्याचे महिने आपण घरांतच काढीत होतों ना? पंचांग तेवढें उलटलें आहे. शिवाय त्या उन्हावर कोणताच कपडा चालत नाहीं, थंडीवर चालतो. तेव्हां फार कडाक्याचे दिवस वगळून सर्वांनीं दुपारीं अर्धा तास तरी बाहेर पडावें, शेजाऱ्यांशीं बोलावें. आणि शक्य तर स्थलांतर उन्हाळ्यांतच करावें. सप्टेंबरांत शाळा उघडतात, मुलांना सोबती मिळतात, आणि थंडीशीं ओळख पायरीपायरीनें होते.