अपघाती मृत्यू आणि सार्वजनिक आरोग्य



देवीच्या साथीत माणूस दगावला की आपले पूर्वज त्याला देवीचा कोप म्हणत. पुढे लस आली आणि तो कोप कायमचा शमला. रस्त्यावर माणूस गेला की मात्र ‘त्याची वेळ भरली होती’ असे म्हणून आपण आजही उठतो. या वेळ भरण्याचा जरा हिशोब पाहू. २०२२ साली भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात, म्हणजे दररोज चाळिसांहून अधिक. देशातल्या मृतांपैकी सुमारे दोनतृतीयांश अठरा ते पंचेचाळीस वयाचे होते. म्हणजे घरात मिळवते तेच. २०२० साली टाळेबंदीत वाहने थांबली तेव्हा हा आकडा खाली आला, आणि वाहने सुटताच पुन्हा चढला. आता यमराजांनीही टाळेबंदी पाळली, असे तर कोणी म्हणणार नाही!

आपला जिल्हा याला अपवाद नाही. १९ मार्च २०१३ च्या पहाटे गोव्याहून मुंबईकडे निघालेली बस खेडजवळ पुलाचा कठडा तोडून जगबुडीत कोसळली आणि ३७ माणसे गेली. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील मंडळींची बस आंबेनळी घाटात कोसळली. तिच्यातला एकच माणूस वाचला. अशा घटना आपल्या लक्षात राहतात. पण मोटारसायकलवरून एकेकटा जाणारा तरुण? २०२२ च्या मृतांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा होता, आणि डोक्यावर चांगले हेल्मेट असते तर त्यांतले कित्येक वाचले असते.

शिवाय रस्त्यांच्या या मोजणीत न येणारे मरण आपल्याकडे आहेच. सध्या आंबेकाढणी चालू आहे. उंच कलमावर घळ घेऊन चढलेला गडी, माडावर चढलेला गडी, खाली पडला तर पाठीचा कणा मोडतो. पुष्कळ बागांतून आता नेपाळी गडी असतात. त्यांचे घर हजार मैलांवर. पेटीचा भाव आपण रोज विचारतो, झाडावर चढणाऱ्याच्या कमरेला दोर आहे का, हे विचारीत नाही.

मरण कशाने येते, तेही पाहा. डोक्याच्या जबर इजेपुढे कधी कोणाचेच चालत नाही. पण बरेच जण रक्तस्रावाने जातात, आणि हातापायाच्या जखमेतला रक्तस्राव स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरल्यास बहुधा आटोक्यात येतो. मान किंवा पाठ दुखावलेल्याला आपण कणवेने चौघे मिळून उचलतो, रिक्षात वाकवून कोंबतो. तेवढ्यात पाय कायमचे जाऊ शकतात. जागा धोक्याची नसेल तर त्याला तसाच निजू द्यावा, १०८ वर दूरध्वनी करावा. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. घाटवळणांमुळे गाडीला उशीर लागतो, आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे तर सव्वाशे किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. म्हणून ती पहिली दहापंधरा मिनिटे बघ्यांच्याच हातात असतात.

बघे पुढे होत नाहीत, कारण ‘पोलिसांचे झेंगट नको’. ही भीती पूर्वी अगदीच खोटी नव्हती. परंतु २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाराला संरक्षण दिले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसे कलमच घातले गेले. जखमीला पोहोचविणाराला आपले नावगाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. हे रिक्षाथांब्यावर, एस.टी. स्टँडवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले असावे. नगरपरिषदेकडे तशी मागणी करण्याचा अर्ज सभागृहाच्या दाराशी ठेवला आहे. सह्या करायच्या असतील त्यांनी जाताना कराव्यात.