गोलरक्षकाचा मुखवटा

हॉकी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान उभें राहतें. कॅनडांत मात्र हा खेळ गोठलेल्या बर्फावर, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून खेळतात. चेंडूच्या जागीं कठीण रबराची चकती असते. तिचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच. ६ फूट रुंद व ४ फूट उंच अशा चौकटीपुढें उभें राहून ही वेगानें येणारी चकती अडविणें, हें गोलरक्षकाचें काम. अशाच एका गोलरक्षकाची, जाक प्लांत याची, हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

त्याचा जन्म १९२९ सालीं क्वेबेक प्रांतांत झाला. अकरा भावंडांत तो थोरला. आईनें त्याला विणकाम शिकविलें, आणि पुढें नांवारूपास आल्यावरही तो आपल्या लोकरी टोप्या आपणच विणीत असे. दम्यामुळें फार धांवपळ सोसेना, म्हणून लहानपणींच तो जाळ्यापुढें उभा राहिला. पुढें मॉन्ट्रिऑलच्या कॅनेडियन्स संघांत त्यानें मोठें नांव मिळविलें.

त्या काळीं गोलरक्षक उघड्या तोंडानें खेळत. १९३० मध्यें क्लिंट बेनेडिक्ट यानें कातडी मुखवटा थोडे दिवस वापरला होता. परंतु ती प्रथा रुजली नाहीं. चेहऱ्यावर अनेक दुखापती सोसल्यावर प्लांत सरावाच्या वेळीं मुखवटा घालूं लागला; सामन्यांत मात्र प्रशिक्षक टो ब्लेक त्यास परवानगी देईनात. मुखवट्यामुळें पायांजवळची चकती दिसणार नाहीं, अशी त्यांना धास्ती होती. शिवाय मुखवटा घालील तो भित्रा, ही लोकांची समजूत होतीच.

१ नोव्हेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें अँडी बाथगेट यानें मारलेली चकती प्लांतच्या चेहऱ्यावर आदळली. रक्ताची धार लागली. टांके घालून झाल्यावर त्यानें निक्षून सांगितलें कीं, मुखवट्यावांचून आपण आतां बर्फावर उतरणार नाहीं. संघापाशीं त्याच्या तोडीचा दुसरा गोलरक्षक सज्ज नव्हता; ब्लेक यांचा नाइलाज झाला. प्लांत मुखवटा चढवून परतला आणि संघानें तो सामना ३-१ असा जिंकला. पुढें ८ मार्च १९६० रोजीं ब्लेक यांच्या आग्रहास्तव तो एकदां उघड्या तोंडानें खेळला, तेव्हां संघ ०-३ असा हरला. लागलीच मुखवटा परत आला. त्याच मोसमांत कॅनेडियन्स संघानें लागोपाठ पांचव्यांदा स्टॅन्ली चषक जिंकला.

१९६२ सालीं सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट पुरस्कार त्याला लाभला. १९६५ मध्यें त्यानें निवृत्ति पत्करली. पण तीन वर्षांनीं तो पुन्हां बर्फावर उतरला, आणि वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. १९८६ सालीं जिनीव्हा येथें त्याचें निधन झालें.

श्रोतेहो, संकटापुढें ठाम उभें राहणें हें शौर्य खरेंच. परंतु जी इजा टाळतां येते ती केवळ लोकलज्जेस्तव सोसावी, यालाही शौर्य म्हणावें काय? प्लांतनें तोंड झांकलें, पण आपली जागा सोडली नाहीं. १९७४ नंतर नॅशनल हॉकी लीगमध्यें उघड्या तोंडाचा एकही गोलरक्षक उरला नाहीं. आज कॅनडांतील एखादा लहान मुलगा जाळ्यापुढें उभा राहतांना सहज मुखवटा चढवितो, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाहीं. तो शब्द त्याच्या वतीनें प्लांतनें आधींच ऐकून घेतला आहे.