शुगर, सहेरी आणि डॉक्टरांना न सांगितलेली गोष्ट

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



मला विषय दिलाय ‘तरुणांचं आरोग्य’. एवढा मोठा विषय माझ्या आवाक्यातला नाही. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. म्हणून फक्त शुगरबद्दल बोलतो. ती मला आहे, आमच्या अम्मीला आहे आणि दोघांचं जेवण एकाच ओट्यावर शिजतं. त्यातही रमजानबद्दल जास्त बोलेन. अकरा महिने कसंबसं जमवलेलं गणित त्या एका महिन्यात विस्कटतं, आणि नेमकं त्याच महिन्याबद्दल आपण डॉक्टरांशी बोलत नाही.

मला कळलं तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी ८.२ आलं. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, ६.५ किंवा त्यावर आकडा गेला की मधुमेह म्हणतात. माझं वजन तेव्हा चौसष्ट किलो. ऑफिसमधले म्हणाले, ‘तुला? तू तर काडी आहेस!’ ही समजूत तुमच्यापैकीही अनेकांची असेल, म्हणून पुण्याच्याच एका डॉक्टरांची गोष्ट सांगतो.

केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघं शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी लपलेली असते, स्नायू कमी असतात, आणि त्यामुळे मधुमेह आपल्याला लवकर आणि कमी वजनातही गाठतो. आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यानुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे या खोलीत मी एकटा नसणार. फक्त बाकीच्यांनी अजून तपासलेलं नसेल.

मग सुरू झाला आहार. पहिल्या दवाखान्यात छापील कागद मिळाला. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी दोन फुलके, वरण, पालेभाजी. खाली जाड अक्षरात: मांसाहार टाळा. आम्ही कोकणातले. आमच्या घरात तांदळाची भाकरी, भात, माशाचं सालन, नारळ. फुलका आमच्याकडे पाहुणा आहे. तो कागद अम्मीने फ्रिजवर लावला, आठ दिवस सगळ्यांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं आणि जेवण पूर्वीचंच राहिलं. याला कोणी ‘पेशंट ऐकत नाही’ म्हणेल. मी म्हणेन, तो कागद दुसऱ्याच कुणाच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेला होता.

नंतर एका आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा विचारलं, ‘तुमच्या घरी शिजतं काय?’ अम्मीने सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, बांगडा तर उत्तम आहे, तो कशाला सोडता? माशात, अंड्यात, कोंबडीत पिष्ट पदार्थ जवळपास नसतातच. साखर वाढवतो तो भात, भाकरी, पाव, बटाटा आणि सरबत. मटण बेताने खायचं ते हृदयासाठी, साखर मोजायला त्याचा संबंध थोडा. मग ठरलं ते इतकंच: भात एक वाटी, भाकरी असेल तर भात नाही, आधी काकडी-कोबी आणि मासा, शेवटी भात, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. दावतीत बिर्याणी खायची, पण आधी बोट्या आणि रायतं, मग थोडा तांदूळ. माझ्या एका मामूंना हे बघवत नाही. ‘बिर्याणीतून तांदूळ वगळणारा माणूस’ अशी ते माझी ओळख करून देतात.

औषधाचंही सोपं नव्हतं. मेटफॉर्मिनने पहिले तीन आठवडे पोट इतकं बिघडलं की मीटिंगला बसताना दाराजवळची खुर्ची बघायचो. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी त्याच औषधाची हळूहळू विरघळणारी गोळी दिली आणि त्रास गेला. माझ्या ओळखीत निदान चार जणांनी याच त्रासापायी गोळी बंद केली. त्यांपैकी एकजण आता कलोंजी, मेथी आणि कारल्याचा रस यांवर आहे, एकजण मोबाइलवर आलेल्या कुठल्याशा काढ्यावर. कलोंजीबद्दल आपल्याकडे श्रद्धा आहे, खुशाल खा. पण ती गोळीच्या जागी घेतली तर गोळीचं काम कोण करणार?

एकदा मी दंडावर चिकटवायचा सेन्सर लावून पाहिला. तो चौदा दिवस चालतो, दर थोड्या वेळाने आकडा मोबाइलवर. आम्हा इंजिनिअर लोकांना आलेख दिसला की आनंद होतो. हा आनंद चार दिवस टिकला. सोमवारी एक वाटी भात खाल्ला तेव्हा १६०, गुरुवारी तोच भात, तीच वाटी, तर २१०. फरक शोधला तेव्हा मिळाला तो झोपेत. बुधवारी रात्री अमेरिकेच्या टीमबरोबर दोनपर्यंत कॉल होता. झोप कमी झाली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. म्हणजे माझ्या ताटावर माझ्या नोकरीचंही नियंत्रण आहे. आज माझं एचबीए१सी कधी ६.८, कधी ७.३. ‘बरा झालास का?’ असं लोक विचारतात. हा आजार सांभाळायचा असतो, एवढंच मी सांगतो.

आता रमजान.

अम्मीला शुगर होऊन बारा वर्षं झाली. तिच्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही आहे. या दोन औषधांतला फरक कळला पाहिजे. एकटं मेटफॉर्मिन सहसा साखर धोकादायक इतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला ढकलून इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलेले असा की उपाशी. अम्मी रमजानमध्ये सकाळची गोळी सहेरीला घ्यायची. तिला हे सरळच वाटायचं: सकाळची गोळी, म्हणून सकाळीच. सहेरीला तिला भूक नसे. चहा, दोन खाऱ्या, की झालं. गोळी पूर्ण आणि पुढे तेरा-चौदा तास पोटात काही नाही.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी साडेचारच्या सुमारास ती भिंतीला टेकून बसली. घाम, हात थरथरत होते, बोलणं तुटक. आधी वाटलं उन्हामुळे. बोटातून रक्त काढून बघितलं तर ५८. सत्तरच्या खाली गेली की ती साखर कमी, ताबडतोब काहीतरी गोड द्यायचं असतं. मगरिबला दोन तासांहून जास्त वेळ होता. अम्मी म्हणाली, ‘आता एवढं थांबले आहे, थोडंसंच राहिलंय.’ माझ्या बायकोने ग्लासात तीन चमचे साखर ढवळली आणि म्हणाली, ‘अम्मी, तुम्ही आधी हे प्या. मसला नंतर विचारू.’ अम्मी प्यायली. पंधरा मिनिटांनी ८४ आली. मग ती रडली. जीव वाचला म्हणून नाही, रोजा गेला म्हणून. वयाच्या दहाव्या वर्षापासून ती रोजे धरत होती.

हे आमच्याच घरातलं नाही. २००१ साली तेरा देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेही मुसलमानांची ‘एपिडायर’ नावाची पाहणी झाली होती. टाइप २ मधुमेहाच्या ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये निदान पंधरा रोजे धरले होते. आणि साखर गंभीरपणे खाली जाण्याचं प्रमाण त्यांच्यात एरवीपेक्षा साडेसात पटींनी वाढलं होतं. लोक रोजे धरणारच आहेत, हे धरून चालावं लागेल. प्रश्न आहे तो कोणाला विचारून धरतात, हा.

आमच्या अम्मीने तोवर डॉक्टरांना रोजाबद्दल एकदाही सांगितलं नव्हतं. का? सुरुवातीच्या वर्षांत एका डॉक्टरांनी, ‘रोजे कशाला धरता, मरायचंय का?’ असं झापलं होतं. त्यानंतर तिने विषयच काढला नाही. डॉक्टरांनाही विचारावंसं वाटलं नाही. मशिदीत मौलाना सांगतात की आजाऱ्याला सवलत आहे, पण आजारी नेमकं कोण, हे ते सांगू शकत नाहीत. तो निवाडा डॉक्टरचा. आणि डॉक्टरला माहीत नसतं की समोरच्या बाई तीस दिवस औषधाच्या वेळा स्वतःच्या मनाने फिरवणार आहेत. या दोघांच्या मध्ये आमच्यासारखी घरं उभी असतात.

पुढच्या वर्षी आम्ही रमजानच्या दीड महिना आधी गेलो. डॉक्टर नवे होते, तेही मुसलमान नाहीत, पण त्यांनी ऐकून घेतलं. सहेरी किती वाजता, इफ्तार किती वाजता, मध्ये काय खाता, सगळं लिहून घेतलं. मधुमेह आणि रमजान यांवर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहे, तिच्यात गुण देऊन जोखीम ठरवतात: वय, किती वर्षं आजार, कोणती औषधं, मूत्रपिंड कसं आहे, पूर्वी साखर खाली गेली होती का. माझी जोखीम कमी निघाली. गोळीची वेळ त्यांनी इफ्तारवर नेली आणि रोजे धरा म्हणाले. अम्मीचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. तिला त्यांनी स्पष्ट सांगितलं, धरू नका. एकच आजार, एकच घर, आणि उत्तरं दोन.

अम्मीला ते पटायला वेळ लागला. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला आणि प्रवाशाला दिलेली सवलत तिला पाठ आहे, शेजारणीला तीच सांगायची. स्वतःवर आली तेव्हा जड गेली. शेवटी तिने दर रोजामागे एका गरजूचं जेवण, म्हणजे फिदिया द्यायला सुरुवात केली. तो हिशेब ती स्वतःच्या वहीत ठेवते, आम्हाला हात लावू देत नाही.

पण खरी अडचण दुपारी एक वाजता यायची. जेवायचं कुठे? ती ताट घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि दार लोटून घ्यायची. मला हे नवीन वाटलं. माझ्या बायकोला वाटलं नाही. ती म्हणाली, ‘आम्हाला सवय आहे. पाळीच्या दिवसांत आम्ही असंच खातो, कोणी बघणार नाही असं.’ आपल्या घरातल्या बाया लहानपणापासून रमजानमध्ये लपून खायला शिकतात, आणि आजारी पडल्यावर तीच सवय उपयोगी पडते! बेल वाजली की अर्धं जेवण टाकून उठायचं, गोळी मात्र घेतलेली. साखर खाली जायला याहून सोपा रस्ता नाही. आता आमच्या घरी अम्मी टेबलावर जेवते. कोणी आलं तरी उठत नाही. पहिल्या वर्षी एका खालाने विचारलंच, ‘रोजा नाही?’ अम्मी म्हणाली, ‘नाही, मूत्रपिंड खराब होतंय.’ खाला दहा मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘मलाही पायाला मुंग्या येतात गं.’ त्या खालाची साखर आम्ही तिथेच तपासली. २८६.

माझं म्हणाल तर सहेरीला ज्वारीची भाकरी, दोन अंडी, दही. कोकणी माणसाला ज्वारी गिळायला पाणी लागतं, पण पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. इफ्तारला एक खजूर. मेदजूलसारख्या मोठ्या खजुरात सुमारे सोळा ग्रॅम साखर असते, म्हणजे चार चमचे. पाच खजूर, गुलाबी सरबत आणि भजी एकदम पोटात गेली की काय होतं ते मी सेन्सरवर पाहिलंय. तरावीहला चालत जातो. दुपारी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी बोट टोचतो. त्याने रोजा तुटत नाही. आकडा सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेला तर रोजा सोडायचा, हे माझं आणि डॉक्टरांचं आधीच ठरलेलं आहे. त्या क्षणी घरात वाद घालायला लागू नये म्हणून.

तुमच्या घरी कोणाला शुगर असेल तर रमजानच्या आधी, शाबान उजाडण्यापूर्वीच त्यांना घेऊन दवाखान्यात जा. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि सहेरी-इफ्तारचं वेळापत्रक बरोबर न्या. इन्सुलिन चालू असेल तर अजिबात टाळू नका. डॉक्टर झापले तर दुसरे शोधा.

मागच्या टेबलावर ग्लुकोमीटर आहे. पन्नास पट्ट्या आणल्यात, प्रत्येकासाठी सुई नवीन. जेवून आपल्याला आता दोन तास होत आले. रांग डावीकडून लावा, आणि ज्यांचा आकडा एकशेचाळीसच्या वर येईल त्यांनी मला भेटल्याशिवाय जाऊ नका. पुढची तपासणी कुठे स्वस्तात होते ते सांगतो.