वेतन आणि निवारा

वैमानिक म्हणजे गलेलठ्ठ पगाराचा धनी, ही समजूत सरसकट खरी नव्हे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत नेवार्कहून बफेलोला निघालेले विमान कोसळून ५० माणसे मृत्युमुखी पडली. त्यातील तरुण सहवैमानिक सिएटलजवळ आईवडिलांकडे राहत असे. रात्रभर विमानांतून प्रवास करून ती नेवार्कला कामावर आली होती. चौकशीत मुख्य दोष कप्तानाच्या हाताळणीला दिला गेला. पण तुटपुंजे वेतन आणि महागडा निवारा हा प्रश्नही तेथे उपस्थित झालाच. २०१० च्या कायद्याने सहवैमानिकांवरही सामान्यतः १५०० उड्डाणतासांची अट घातली. किमान वेतनाची अट मालकांवर घातली नाही. कामाच्या गावी पाठ टेकण्यापुरतेही जे पुरत नाही, ते वेतन अपुरेच. उरलेली किंमत कामगार आपल्या झोपेने चुकवतो, आणि त्या थकव्याचा धोका प्रवाशांच्या माथी येतो.