बाकड्यावर न बसणारी बाई



परभणीहून गंगाखेडकडे निघालं की वाटेत पोखर्णी लागतं. नृसिंहाच्या देवस्थानामुळे गाव सगळ्यांना ठाऊक. परभणी-परळी लोहमार्गावरच्या स्थानकाच्या नावातही नृसिंह आहेच. अशा गावातली एखादी बाई दवाखान्यात येते आणि बाकड्यावर बसतच नाही. भिंतीला टेकून उभी राहते. ‘ताप येतोय, कंबर दुखतीय,’ एवढंच सांगते. शेजारी सासू, दारात दीर. डॉक्टर तापाच्या गोळ्या लिहून देतात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. दोन दिवसांनी ती सिस्टरच्या कानाशी लागते: ‘जागेला गळू झालंय, बसता येईना.’

हे गळू बहुधा बार्थोलिन ग्रंथीचं असतं. डेन्मार्कच्या धाकट्या कास्पर बार्थोलिन यांनी सतराव्या शतकात या ग्रंथींचं वर्णन केलं. योनिमुखाच्या खालच्या भागात, घड्याळात चार आणि आठ वाजता काटा असतो त्या जागी, वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी. एरवी त्या बोटाला लागतही नाहीत. त्यांची जेमतेम अडीच सेंटिमीटरची नळी तोंडाशी बुजली की पाझर साचून गाठ होते आणि जंतू वाढले की गळू. शंभरातल्या साधारण दोघींना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. पूर्वी या गळवाचा संबंध थेट परम्याशी जोडला जाई. प्रत्यक्षात पुवात पुष्कळदा सापडतो तो आतड्यात राहणारा ई. कोलाय. लैंगिक संसर्गाची शक्यता असेल तर तपासणी जरूर करावी. पण नुसत्या गळवावरून बाईच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या चारित्र्याचा निकाल लावण्याचा अधिकार कोणत्याही पदवीने दिलेला नाही.

निदानाला महागडं यंत्र लागत नाही. एका बाजूची लाल, गरम, हात लावू न देणारी सूज पाहिली की बहुतेक वेळा काम झालं. अर्थात पाहावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं. गाठ लघवीच्या वाटेलगत असेल तर ती स्कीन ग्रंथीची असू शकते. तिथे घाईने चाकू लावला तर मूत्रमार्गालाच इजा व्हायची. चाळिशी उलटलेल्या बाईला नव्याने गाठ आली असेल तर कर्करोग नाही ना, यासाठी तुकडा तपासायला पाठवावा. आणि मधुमेही बाईची सूज भराभर पसरत असेल, दिसतं त्याहून दुखणं कितीतरी जास्त असेल, तर मांस सडवणाऱ्या संसर्गाच्या शंकेने तिला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावं.

उपचारात सर्वांत सोपी वाट फसवी आहे. नुसती चीर देऊन पू काढला की बाईला तिथल्या तिथे हायसं वाटतं, पण चीर मिटते आणि गळू पुन्हा भरतं. खरं काम नवी वाट उघडी ठेवण्याचं. अमेरिकेतल्या अलाबामाच्या डॉ. ब्युफर्ड वर्ड यांनी 1960च्या दशकात टोकाला फुगा असलेली छोटी नळी प्रचारात आणली. जागा बधिर करून आतल्या बाजूने बारीक चीर द्यायची, नळी सरकवायची, फुग्यात दोन-तीन मिलिलिटर सलाइन भरायचं आणि सुमारे चार आठवडे ती तशीच ठेवायची. दुसरी पद्धत शिवणकाम करणाऱ्या कुणालाही पटकन कळेल: पोकळीच्या कडा बाहेरच्या त्वचेला काजासारख्या शिवून टाकायच्या, म्हणजे भोक बुजत नाही. नेदरलँड्स आणि इंग्लंडमधल्या 161 स्त्रियांवर या दोन्ही पद्धतींची तुलना झाली, ती 2017 साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात गळू उलटण्याचं प्रमाण नळीत 12 टक्के, शिवणीत 10. म्हणजे जवळपास सारखंच. फरक पडला तो वाट पाहण्यात. नळीवाल्यांना तासाभरात उपचार मिळाले, शिवणीवाल्यांना चार तास लागले. ऑपरेशन थिएटर दूर असलेल्या गावांना हा हिशेब कळतो. प्रतिजैविकं मात्र सरसकट नकोत. आजूबाजूची त्वचा सुजली असेल, ताप असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर द्यावीत.

मग एवढ्या सोप्या दुखण्याला उशीर का होतो? त्याचं उत्तर गडचिरोलीत मिळालं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी 1989च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, दर बाईमागे सरासरी 3.6 आजार. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के. तोवर गावच्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच सरकारदरबारी मोजलं जात होतं. या दुखण्यांना वहीत रकानाच नव्हता.

न पाहण्याचं दुसरं टोकही दूर नाही. परभणीशेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीला 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणी त्यांत होत्या. बाईचं ऐकायला वेळ नसतो. पिशवी काढायला बरा सापडतो.

आज पदवी घेणाऱ्या डॉक्टरांनो, तुमच्यातल्या अनेकांना आता ग्रामीण सेवेचं वर्ष पुरं करायचं आहे. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तपासणीच्या खोलीला आतून कडी आहे का आणि टेबलाभोवती पडदा आहे का, एवढं बघा. नसेल तर रुग्ण कल्याण समितीपुढे तो खर्च मांडा. आणि बाकड्यावर न बसणारी बाई दिसली, तर सासूला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगा.